प्रायश्चित्तकाळात सावकाश प्रार्थना कशी करावी: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

येशूच्या पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर, आणि त्याच्या आधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळाला राख लावून घरी येईपर्यंत बहुतेकांची यादी तयार झालेली असते. मटण-चिकन बंद, चहा एकदाच, रोज मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोज अख्खी रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना), शुक्रवारी क्रुसाची वाट, मोबाइल कमी. पहिला आठवडा उत्साहात जातो. मग दहावी-बारावीच्या परीक्षा येतात, ऑफिसात मार्च एंड सुरू होतो, घरात कोणीतरी आजारी पडतं आणि यादीतली एकेक गोष्ट गळत जाते. आपल्याकडे हा काळ नेमका वर्षातल्या सगळ्यात धावपळीच्या दिवसांत येतो. तेव्हा जे काही ठरवायचं ते ही धावपळ धरूनच ठरवायला हवं.

माझं सांगणं एवढंच आहे की या चाळीस दिवसांत प्रार्थनांची संख्या वाढवू नका, एखादी प्रार्थना सावकाश करायला शिका. ख्रिस्ती परंपरेत यासाठी फार जुन्या पद्धती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा वाळवंटातल्या आणि मठांतल्या माणसांनी घडवल्या, पण त्या करायला मठात जावं लागत नाही. तुम्ही कॅथलिक घरातले असा, प्रोटेस्टंट मंडळीत जात असा किंवा येशूविषयीच्या ओढीने नव्यानेच वाचू लागला असाल, यातलं बहुतेक सगळं तुम्हाला करता येईल.

आधी काळ समजून घ्या

२०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला; २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास धरत नाहीत. येशूने अरण्यात काढलेले चाळीस दिवस, मोशेचे सीनाय पर्वतावरचे चाळीस दिवस आणि एलीयाची होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची वाट, या सगळ्यांची आठवण या आकड्यात आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची मोजणी थोडी वेगळी असते.

चर्चमध्ये या दिवसांत काय घडतं ते बघा. मिस्सामधलं गौरवगीत थांबतं. आल्लेलुया हा स्तुतीचा घोष म्हणत नाहीत, तो थेट ईस्टरच्या रात्री परत येतो. आल्तारावर, म्हणजे वेदीवर, फुलांची आरास नसते, वस्त्रं जांभळी असतात; फक्त चौथ्या रविवारी गुलाबी रंग चालतो. आपल्या कपाळावरची राखसुद्धा गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. उपासनेतूनच आधी बरंच काही काढून ठेवलेलं असताना आपण घरी मात्र भर घालत बसतो. म्हणून पहिला नियम असा, की नवी प्रार्थना सुरू करताना एखादी गोष्ट बाजूला ठेवा. रात्रीची मालिका असेल, सकाळी डोळे उघडताच बघायचा व्हॉट्सअ‍ॅप असेल. जागा मोकळी झाली तरच तिथे काही बसेल.

पहिली पायरी: वेळ, जागा आणि एक पुस्तक

हे राखेच्या बुधवारच्या आधी ठरवा. वेळ पंधरा ते वीस मिनिटांची पुरे. पहिल्याच दिवशी तासाभराचा संकल्प करू नका. तो टिकत नाही आणि मोडला की मन खट्टू होतं. वेळ तुमच्या दिवसात आधीच असलेल्या एखाद्या कामाला जोडून घ्या: मुलांचे डबे भरून ती शाळेत गेली की, अंघोळ करून कपडे घातले की, दुकानाचं शटर उघडण्याआधी. "वेळ मिळेल तेव्हा" असं ठरवलं तर वेळ मिळत नाही.

जागेबद्दल येशूचे शब्द स्पष्ट आहेत: तू प्रार्थना करतोस तेव्हा आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे (बायबल, मत्तय ६:६). मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये दार लावून घ्यायला खोलीच नसते, हे मला ठाऊक आहे. तिथे एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि घरच्यांना सांगा की मी इथे बसलो की वीस मिनिटं हाक मारायची नाही. लहान मुलंसुद्धा आठवडाभरात हे शिकतात. समोर एक क्रूस, एखादी मेणबत्ती, एवढं पुरे. मोबाइल दुसरीकडे. वेळ बघायला साधं घड्याळ ठेवा, कारण अलार्मसाठी म्हणून जवळ ठेवलेला फोन शेवटी हातात येतोच. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या अब्बा मोशेंकडे एक जण उपदेश मागायला आला, तेव्हा ते म्हणाले: जा, आपल्या कुटीत बस, तुझी कुटीच तुला सगळं शिकवेल. रोज त्याच जागी बसण्याचा अर्थ मला या वाक्यातून सगळ्यात चांगला कळला.

आता पुस्तक. मॉन्टे कॅसिनोच्या संत बेनेडिक्टांनी सहाव्या शतकात मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८ व्या प्रकरणात या काळासाठी एक सुरेख व्यवस्था आहे. प्रायश्चित्तकाळ सुरू होताना प्रत्येक साधूला ग्रंथालयातून एकच पुस्तक द्यायचं आणि त्याने ते पहिल्या पानापासून क्रमाने पूर्ण वाचायचं. मधूनच उघडायचं नाही, चाळायचं नाही. आज आपल्या फोनवर दहा भाषांतरं, शंभर प्रवचनं आणि रोजच्या मननाचे व्हिडिओ येऊन पडतात. त्यात हा नियम फारच उपयोगी आहे. नवीन माणसाने बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, घ्यावं. सोळाच अध्याय आहेत, भाषा सरळ आहे, प्रसंग छोटे छोटे आहेत. छापील प्रत घ्या.

पुढच्याच, ४९ व्या प्रकरणात बेनेडिक्ट म्हणतात की प्रत्येकाने अन्न, पेय, झोप, बडबड, थट्टामस्करी यांतलं थोडं काही स्वखुशीने, आनंदाने कमी करावं, पण काय करणार ते आधी मठाधिपतींना सांगावं. न सांगता केलं तर त्यात अहंकार शिरतो. तुम्हीही कोणाला तरी सांगा: नवऱ्याला, बायकोला, मैत्रिणीला, तुमच्या फादरांना किंवा पाळकसाहेबांना. "मी रोज सकाळी मार्क वाचणार आहे आणि रात्री दहानंतर फोन बंद ठेवणार आहे," इतकंच. ते कधीतरी विचारतील, आणि कोणीतरी विचारणार आहे हे माहीत असण्याचा आधार मोठा असतो.

दुसरी पायरी: थोडं वाचा, पुन्हा वाचा

या लेखातली मुख्य पद्धत हीच. लॅटिनमध्ये तिला लेक्शियो दिविना म्हणतात, म्हणजे देववचनाचं वाचन. फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रूझ मठाचे प्रमुख गीगो दुसरे यांनी बाराव्या शतकात तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. पद्धत त्यांच्या आधीची, पण शिकायला ही मांडणी सोपी आहे.

आपण मार्कच्या दहाव्या अध्यायातला बार्तीमयाचा प्रसंग घेऊ (१०:४६-५२). सातच ओव्या... नव्हे, वचनं, पण ती ओवीसारखी आवाजात वाचायची आहेत.

बसा. क्रुसाची खूण करायची तर करा. दोन-तीन श्वास नीट घ्या आणि पवित्र आत्म्याला मनात म्हणा, "बोल." मग उतारा आवाजात वाचा, हळू आवाजात पण ओठ हलवून. जुने साधू असंच पुटपुटत वाचत, आणि मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण गोव्यात राशोल इथे १६१६ मध्ये छापलं गेलं ते सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत, आणि ते लोक गाऊन वाचत. आवाज काढून वाचलं की डोळ्यांना पुढे पळता येत नाही. जीभ आणि श्वास त्यांना धरून ठेवतात.

पहिल्या वाचनात फक्त काय घडलं ते बघा. यरीहोहून निघालेली गर्दी. वाटेच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी. तो ओरडतो, "अहो येशू, दाविदाचे पुत्र, माझ्यावर दया करा." लोक त्याला गप्प बसायला सांगतात. तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि म्हणतो, "त्याला बोलवा." तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तो म्हणतो, मला पुन्हा दिसावं. त्याला दिसू लागतं, आणि तो वाटेने येशूच्या मागे चालू लागतो.

मिनिटभर गप्प राहा. मग दुसऱ्यांदा वाचा, आणखी हळू. या वेळी एखादं वाक्य तुम्हाला अडवेल. कोणतं, ते आधी सांगता येत नाही. समजा "येशू थांबला" इथेच तुम्ही अडकलात. तो यरुशलेमेला निघालेला आहे, तिथे काय होणार हे त्याने शिष्यांना नुकतंच तिसऱ्यांदा सांगितलं आहे, आजूबाजूला मोठा जमाव आहे; अशा वेळी एका भिकाऱ्यासाठी तो सगळा प्रवास थांबवतो. पुढे जाऊ नका. तेवढेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणा. गाय रवंथ करते तसं वचन तोंडात घोळवावं, असं मठांतली माणसं सांगत. यातून एखादं नाव समोर येईल: ज्याचा फोन तुम्ही दोनदा कापला तो भाऊ, जिन्यात काहीतरी सांगू पाहणाऱ्या शेजारच्या आजी. किंवा उलट, आपणच वाटेच्या कडेला बसलो आहोत आणि लोक आपल्याला गप्प करताहेत, असं वाटेल. जे येईल ते येऊ द्या. शोधत जाऊ नका.

तिसऱ्या वाचनानंतर देवाशी बोला. छापील प्रार्थना लागत नाही. "प्रभू, मला कोणासाठी थांबता येत नाही" असं एक वाक्यही पुरतं. येशूने बार्तीमयाला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारला आहे असं समजा आणि उत्तर द्या. खरं उत्तर द्या, शोभेल असं नको. मग शेवटची तीन-चार मिनिटं काहीच करायचं नाही. शब्द संपले तरी उठायचं नाही. नवीन माणसाला हीच मिनिटं सगळ्यात जड जातात, हात खिशातल्या फोनकडे जातो, गॅसवरचं दूध आठवतं. बसून राहा. वेळ झाली की "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणा आणि उठा.

दिवसाला इतकाच उतारा, सहा ते दहा वचनं. काही दिवशी दोनच होतील. मार्क चाळीस दिवसांत संपला नाही तर ईस्टरनंतर पुढे चालू ठेवा. हे अभ्यासाचं वाचन नाही, त्यामुळे यरीहो कुठे आहे, दाविदाचा पुत्र म्हणजे काय असे प्रश्न पडले तर कागदावर लिहून ठेवा आणि संध्याकाळी बघा. ते प्रश्न चांगले आहेत, पण त्या वीस मिनिटांतले नाहीत.

तिसरी पायरी: दिवसभरासाठी एक ओळ

पहिला आठवडा फक्त वाचन करा. दुसऱ्या आठवड्यापासून ही जोड द्या. बार्तीमयाची हाक आणि लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराची "हे देवा, मज पाप्यावर दया कर" ही विनवणी यांतून पूर्वेकडच्या मंडळ्यांची येशूची प्रार्थना आकाराला आली: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. ऑर्थोडॉक्स साधू लोकरीच्या गाठींच्या दोरीवर ती म्हणतात. तेहतीस, पन्नास, शंभर गाठींच्या दोऱ्या असतात. तुमच्याकडे रोझरी असेल तर तिचे मणी चालतील, नसेल तर बोटांची पेरं आहेतच.

पूर्वार्ध श्वास घेताना, उत्तरार्ध सोडताना. श्वासाला जोर लावू नका, तो आपला आपण चालू दे. विरार लोकलमध्ये बसायला जागा नसली तरी ही प्रार्थना होते, बँकेच्या रांगेत होते, आईच्या डॉक्टरांची वाट बघत बाकावर होते. आकडा गाठायच्या मागे मात्र लागू नका. शंभर वेळा भरभर म्हटली तर ती गाडीच्या खडखडाटात मिसळून जाते; दहा वेळा ऐकत म्हणा.

"पापी" हा शब्द कोणाला टोचतो, विशेषतः ज्यांना लहानपणापासून कमी लेखलं गेलं त्यांना. अशांनी दुसरी ओळ घ्यावी. पाचव्या शतकात जॉन कॅशियन यांनी इजिप्तच्या साधूंकडून शिकून स्तोत्र ७० चं पहिलं वचन सदासर्वकाळ मनात ठेवायला सांगितलं: हे देवा, माझ्या साहाय्याला ये, हे परमेश्वरा, मला मदत करायला त्वरा कर. आजही चर्चची प्रहरांची, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळांची, प्रार्थना याच वचनाने सुरू होते. संकटात, आनंदात, जेवायला बसताना, झोप येत नसताना, सगळीकडे ते चालतं.

चौथी पायरी: रात्री दिवसाकडे वळून बघणं

संत इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधनेची पुस्तिका १५४८ मध्ये रोममध्ये छापली गेली. तिच्यात दिवसाच्या परीक्षणाचे पाच टप्पे आहेत: आभार मानणं, उजेड मागणं, दिवस तासातासाने बघणं, क्षमा मागणं आणि उद्यासाठी कृपा मागणं. दहा मिनिटांत होतं. अंथरुणावर पडून करू नका, झोप लागते. पलंगाच्या कडेला बसा.

नवशिके थेट चुकांवर येतात. आभारावर जास्त वेळ घालवा, आणि आभार नेमक्या गोष्टींचे माना. "सगळ्यासाठी धन्यवाद" म्हटलं की मनाला काहीच दिसत नाही. "दुपारी कॅन्टीनमध्ये तिने न मागता अर्धी पोळी माझ्या डब्यात ठेवली" म्हटलं की दिसतं. मग दिवस सकाळपासून पुढे सरकवा. कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं गेलं? कुठे घाई करून कोणाला तरी तोडलं? एकच प्रसंग धरा. पश्चात्तापाला शब्द सापडत नसतील तर स्तोत्र ५१ उघडा: "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर." प्राचीन परंपरेत सात पश्चात्तापाची स्तोत्रं मानली आहेत, ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. आठवड्याचे सात दिवस, रोज एक, असंही करता येतं.

कॅथलिकांनी या परीक्षणातून जे साचत जातं ते घेऊन ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करायला, जावं. पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) लांब रांगा असतात, फादर थकलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी गेलात तर निवांत बोलता येतं.

शुक्रवार

क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातल्या प्रसंगांपाशी थांबून केलेली प्रार्थना. तिची चौदा स्थानकं बहुतेक चर्चच्या भिंतींवर असतात. यरुशलेमेला जाऊ न शकणाऱ्यांनी आपल्या गावीच ती वाट चालावी म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी ही भक्ती पसरवली, आणि १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी स्थानकांची संख्या चौदा ठरवून दिली. चर्चमधली सामुदायिक क्रुसाची वाट चांगलीच, गाणी आणि गुडघे टेकणं यात एक बळ असतं. पण एखाद्या शुक्रवारी चर्च रिकामं असताना एकटे जा. चौदाच्या चौदा करायची गरज नाही. तीन घ्या. पाचव्या स्थानकावर शिमोन कुरेनेकर: शेतावरून येणारा माणूस, त्याने काही मागितलं नव्हतं, त्याच्या खांद्यावर क्रूस दिला गेला. घरातल्या आजारी माणसाचं सगळं ज्यांच्या अंगावर येऊन पडलं आहे, त्यांनी इथे थांबावं. तिथे काही म्हणावंसं वाटलं नाही तरी चालेल, उभं राहा.

वेरोनिकेने येशूचा चेहरा पुसल्याचा प्रसंग आणि येशूचं तीनदा पडणं शुभवर्तमानांत लिहिलेलं नाही, म्हणून प्रोटेस्टंट मित्रमैत्रिणी कधी अडखळतात. १९९१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या कलोसियमजवळ गुड फ्रायडेला केवळ पवित्र शास्त्रातल्या प्रसंगांची क्रुसाची वाट केली. ती गेथशेमाने बागेपासून सुरू होते. घरी करायची तर मार्कचा चौदावा आणि पंधरावा अध्याय उघडून तुम्हालाही तशी करता येईल.

शुक्रवारच्या उपासाबद्दल थोडंसं. कॅथलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपासाचे दिवस: अठरा पूर्ण झालेल्यांपासून साठीला लागेपर्यंतच्या माणसांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचं, बाकी दोन वेळा अगदी थोडं, आणि चौदा वर्षांवरच्या सगळ्यांनी मांस वर्ज्य करायचं. मासळी नियमात चालते, पण मटणाऐवजी पापलेट तळलं तर उपासाचा हेतू काही साधत नाही. डाळ-भात करा, वाचलेले पैसे बाजूला ठेवा आणि ते ज्याला लागतात त्याला द्या. यशया ५८ मध्ये देव स्पष्टच सांगतो की भुकेल्याला आपली भाकरी वाटून दे, हाच मला पसंत असलेला उपास. मधुमेह, गरोदरपण, औषधं चालू असणं, जेवणाशी बिघडलेलं नातं, यांपैकी काहीही असेल तर अन्नाचा उपास करूच नका. त्याऐवजी एक जेवण फोन, टीव्हीशिवाय, प्रत्येक घास चावून, गप्प बसून जेवा.

अंगानेही प्रार्थना करायची असेल तर

काही जणांना नुसतं बसणं जमतच नाही. त्यांच्यासाठी संत एफ्रेम यांच्या नावाने चालत आलेली प्रार्थना आहे. एफ्रेम हे चौथ्या शतकातले सिरियन कवी, डीकन (चर्चचे सेवक), मृत्यू ३७३ मध्ये. पूर्वेकडच्या बायझंटाइन परंपरेत या काळात सोमवार ते शुक्रवार ती म्हणतात. तिचे तीन भाग, आणि प्रत्येक भागानंतर जमिनीला कपाळ टेकवून दंडवत. गुडघे दुखत असतील तर उभ्यानेच कमरेत वाकावं.

हे प्रभो, माझ्या जीवनाच्या स्वामी, आळस, निराशा, सत्तेची हाव आणि वायफळ बोलणं यांचा आत्मा माझ्यापासून दूर ठेव.

तुझ्या या सेवकाला शुद्धता, नम्रता, सहनशीलता आणि प्रीती यांचा आत्मा दे.

हे प्रभो, हे राजा, मला माझे दोष दिसू देत आणि मी माझ्या भावाचा न्याय करू नये असं कर. कारण तू युगानुयुग धन्य आहेस. आमेन.

निराशा आणि बडबड एकाच ओळीत बसवलेली बघून मी दर वर्षी थबकतो. दिवसभर बोलून थकलेल्या माणसाला रात्री जे रितेपण येतं, ते या प्रार्थनेला नीट ठाऊक आहे.

जेव्हा जमत नाही

मन भरकटणारच. भरकटलं हे कळलं की वचनाकडे परत या. चिडू नका, मोजू नका. वीस मिनिटं केवळ परत येण्यातच गेली तरी ती प्रार्थनाच झाली. रोज डुलकी लागत असेल तर वेळ बदला किंवा सरळ जास्त झोपा. झोप कमी पडलेल्या माणसाने पहाटे चारला उठण्याचा हट्ट धरू नये. चार दिवस सुटले तर मागचं भरून काढायचं नाही, ज्या उताऱ्यावर होतात तिथून पुढे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोरडं वाटू लागतं. वचनं तीच, काही हलत नाही. इथे बहुतेक जण पद्धत बदलतात: लेक्शियो सोडून नवी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), तीही सोडून यूट्यूबवरचं रिट्रीट. माझं मत ठाम आहे की ईस्टरपर्यंत काहीही बदलू नये. कोरडेपणात बसून राहायला शिकणं हा या काळाचाच भाग आहे. एकच अपवाद: गप्प बसल्यावर एखादं जुनं दुःख, मार किंवा मृत्यू इतक्या जोराने वर येत असेल की दिवस काढणं अवघड व्हावं, तर एकट्याने बसणं थांबवा आणि विश्वासातल्या माणसाशी, गरज वाटल्यास समुपदेशकाशी बोला. हाक मारून गर्दीत मदत मागणारा बार्तीमय काही कमी विश्वासाचा नव्हता.

पवित्र सप्ताह

शक्य असेल तर रजा आत्ताच टाकून ठेवा. या आठवड्यात उपासनेचाच वेग इतका मंदावतो की आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो, मिस्सानंतर परमप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, बाजूच्या आल्ताराकडे नेतात, मुख्य आल्तारावरचं कापड काढून तो उघडा करतात. त्या रात्री एक तास जागा. "घटकाभरही तुमच्याने माझ्याबरोबर जागवत नाही काय?" असं येशूने शिष्यांना विचारलं होतं (मत्तय २६:४०). या तासात पुस्तकं, पत्रकं घेऊन बसू नका. मार्क १४:३२-४२ एवढंच पान उघडं ठेवा.

गुरुवारी गौरवगीत पुन्हा म्हणतात; त्यानंतर घंटा वाजत नाहीत, काही ठिकाणी लाकडी खुळखुळा वाजवतात. गुड फ्रायडेला मिस्सा नसते. शनिवारी दिवसभर तर काहीच नसतं, आणि हाच दिवस आपण ईस्टरच्या खरेदीत घालवतो. खरेदी बुधवारी उरकून घ्या. शनिवारी स्वयंपाक साधा, रेडिओ-टीव्ही बंद, दुपारी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन कबरीवर जाऊन या. अंधार पडल्यावर ईस्टरची जागरणविधी सुरू होते, नव्या अग्नीवर मेणबत्ती पेटते आणि चाळीस दिवस न म्हटलेलं आल्लेलुया म्हटलं जातं.

ईस्टरचा काळ पुढे पन्नास दिवस चालतो, पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत. खुर्ची तिथेच राहू द्या. पहिल्या आठवड्यासाठी लूकचा चोविसावा अध्याय घ्या, अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य, वचन १३ ते ३५. रोज तीन-चार वचनं, आवाजात, दोनदा वाचून.